खालाची चादर

खालाचे हात कायम गरम. आमच्या सरकारी दवाखान्यात, नवजात बाळांच्या कक्षाबाहेर ती कंत्राटी आया होती. कुठल्याही आईला हात लावण्याआधी दोन्ही तळवे खसाखसा चोळायची. "थंडा हात लागला तर दूध बिचकतंय, बेटा."

दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं आत काचेच्या पेटीत. ओढून प्यायची ताकद त्यांच्यात नसते. आईनं दूध काढायचं, वाटीतून आत द्यायचं. काढायचं कुठं? त्यासाठीच्या हिरकणी कक्षात. त्याला कुलूप, आत मोडक्या खुर्च्या. म्हणून खाला जिन्याच्या वळणावर घरची फुलाफुलांची चादर बांधायची आणि पुढं पहारा द्यायची. कुणी डोकावलं की, "काय भाऊ, तमाशा लागलाय का इथं?"

लासूर स्टेशनची संगीता तिथंच बसायची. तिच्या सासूनं पहिलं पिवळं दूध खराब समजून मोरीत ओतलं, तेव्हा खाला कडाडली, "ओ मावशी, म्हशीचा चीक गल्लीभर वाटता, अन् नातवाचा मोरीत ओतता व्हय?" दुसऱ्या दिवसापासून सासू स्वतः वाटी धरून बसली. चमचाभर दूध आत जायला लागलं.

मी तेव्हा एका संघटनेसाठी पत्रकं काढायचे. कुलूप उघडा, म्हणून एक काढलं. त्यावर चादरीपुढं उभ्या खालाचा फोटो, खाली नाव. तिला विचारलं नव्हतं. औरंगपुऱ्याच्या बाजारात ते दिवसभर वाटत फिरले, फुशारकीनं.

खालानं पत्रक उलटसुलट पाहिलं. "माझं थोबाड कशाला छापलं गं? कुलूपवाल्याचं छापायचं ना."

तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या साहेबांनी 'जिन्यात अडथळा' म्हणून चादर काढायला लावली. खालाचं कंत्राट बंद. हिरकणी कक्ष साहेबांच्या फोटोपुरता उघडला, मग पुन्हा कुलूप. कुलूप लावणाऱ्या कुणाला साधी नोटीसही नाही!

संगीता उघड्या जिन्यावर पदर ओढून बसायची. माणसं शेजारून चढायची, उतरायची. वाटी कोरडी राहायला लागली. आठवडाभरात बाळ गेलं. डॉक्टर म्हणाले, वजनच कमी होतं. असेल. पण वाटी कोरडी होती, ती मी पाहिलीय.

माफी मागायला खालाच्या घरी गेले. तिनं नोकरीचं काढलंच नाही.

"लासूरवालीला दूध उतरलं का गं?"

मी मान खाली घातली. सवयीनं तिचे तळवे एकमेकांवर घासायला लागले होते. ते थांबले. ते गरम हात तिनं मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडंच बघत बसली.