ढेप्याचा खुराक

चाखल्याशिवाय जगात कशावरही विश्वास ठेवायचा नाही, असा नेम केलेला माणूस उभ्या कोल्हापुरात एकच होता आणि ते नेमके आमचे घरमालक होते. शाहूपुरीत त्यांची गुळाची अडत होती. सुरीच्या टोकानं ढेपेचा खडा काढायचा, जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि ऊस नदीकाठचा की माळावरचा, काहिलीखाली जाळ जास्त झाला की कमी, हे बसल्या जागी सांगायचं, असं त्यांचं काम. बाजारात ते ठीकच होतं. पण मालक संध्याकाळी दुकानाला कुलूप लावताना जीभ आत ठेवून येत नसत. मंडईत कच्चं वांगं चावून बघत. आक्कांच्या, म्हणजे मालकीणबाईंच्या औषधाची गोळी आधी स्वतः चाटत आणि मग त्यांना देत. एकदा घराला लावायला चुना आणला, तर तोही बोटावर घेऊन जिभेला लावला. दोन दिवस गार दूधभातावर होते. तिसऱ्या दिवशी बोलता यायला लागलं तेव्हा पहिलं वाक्य काय, तर "चुना मातुर अस्सल हाय."

आम्ही त्यांच्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं मागायला गेलो, तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही, गाव विचारलं नाही. ह्यांना म्हणाले, "सांच्याला या. येताना घरातली आमटी आणा वाटीभर." मी घाबरत घाबरत केलेली तुरीची आमटी त्यांनी उभ्यानंच भुरकली, डोळे मिटले आणि म्हणाले, "मीठ बेतात हाय. मानसंबी बेतात ऱ्हातील. या ऱ्हायला." मग एकच अट घातली. "लिंगायताचं घर हाय. अंडं न्हाय, मटान न्हाय. वासबी न्हाय." ह्यांचा चेहरा पडला. शिरोलीच्या कारखान्यात आठवडाभर भट्टीपुढे उभा राहणारा माणूस, रविवारी मटण नाही म्हटल्यावर त्याला आठवडा संपल्यासारखं वाटणार कसं? पण खोल्या चांगल्या होत्या, नळ दारात होता. रविवारी आम्ही नणंदेकडे जाऊन जेवत असू. अशी चार वर्षं काढली. त्या चार वर्षांत मी मालकांशी एक शब्द बोलले नव्हते. ते अंगणात आले की मी पदर सावरून दाराआड व्हायची. काही सांगायचं असलं तर आक्कांना सांगायची. मुळात मला कुणापुढे बोलता यायचं नाही, आणि मालक तर इतके मोठ्यानं बोलायचे की 'पाऊस आलाय' हेसुद्धा भांडल्यासारखं वाटायचं.

अशा घरात कुत्रं आलं. बेळगावच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं प्रेमानं पाठवलं होतं. टोपलीत मावलेलं, पंजे मात्र माझ्या हाताएवढे. बरोबर चिठ्ठी होती की ग्रेट डेन नावाची मोठी जात आहे, खायला चांगलं घाला. रंग अगदी नव्या गुळाचा, आणि बसायचंही ढेपेसारखं, एकदा बसलं की हलायचं नाव नाही. म्हणून त्याचं नाव ढेप्या पडलं. "मोठी जात म्हंजे किती मोठी?" आक्कांनी विचारलं. मालक म्हणाले, "आसंल की बोक्याएवढी." दीड महिन्यात ढेप्या बोक्याच्या पुढे गेला आणि थांबायची काही चिन्हं दिसेनात.

आता 'खायला चांगलं घाला' म्हटलेलं. चांगलं म्हणजे काय ते मालक जिभेनंच ठरवणार. तीन गवळ्यांचं दूध आणून तीन पेल्यांत ओतलं, प्रत्येकाचा घोट घेतला आणि सगळ्यांत महागाचं ढेप्याला लावलं. भाकरीचं पीठ चिमटीत घेऊन चाखलं. गूळ तर अडतीतला पहिल्या नंबरचा. तालमीतले एक ओळखीचे वस्ताद म्हणाले, "बदाम उगाळून द्या," तर बदाम आले. ढेप्याला दोन आणि कडू आहेत का बघायला मालकांना चार. आक्का वैतागून म्हणाल्या, "माणसाच्या दुप्पट खातंय हे. ह्यो खर्च काढायचा कुठनं?" मालक म्हणाले, "माझ्यातनं काढू." आणि खरंच काढला. दर शुक्रवारी नवा सिनेमा बाल्कनीत बसून बघणारा माणूस पडद्याजवळच्या बाकावर जाऊन बसू लागला. मान वर करून करून दुखायची. घरी येऊन मान चोळत ढेप्याला म्हणायचे, "तुज्यापायी आज हिरोच्या नाकपुड्या बगितल्या रं."

त्यात त्यांना कुणीतरी सांगितलं की कुत्र्यांसाठी वेगळी बिस्किटं मिळतात. मालकांनी मुंबईला जाणाऱ्या माणसाकडून डबा मागवला. डबा उघडला आणि ओसरीवर बसून चहात बुडवून तीन खाल्ली. "भाजलीत चांगली. मीठ कमी हाय," असा निकाल दिला. ह्यांना इंग्रजी थोडं लागायचं. ह्यांनी डब्यावरचं वाचता वाचता विचारलं, "मालक, तुम्ही किती खाल्ली?" "तीन. का ओ?" ह्यांनी चाचरत सांगितलं, "यात मासळीची पूड हाय म्हणून लिवलंय." मालकांनी कप खाली ठेवला. चेहरा भिंतीच्या चुन्यासारखा झाला. न्हाणीत जाऊन दोन घागरी पाणी अंगावर घेतलं, गळ्यातलं लिंग हातात धरून संध्याकाळपर्यंत पूजेला बसले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. आक्का मात्र स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसत होत्या. मला म्हणाल्या, "चाखा म्हणावं आता आनखी!"

ह्या सगळ्या कौतुकात ढेप्याच्या पायांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. ते पहिल्यांदा मीच पाहिलं. मी दाराआडून बघायची, आणि दाराआडून बघणाऱ्याला जमिनीलगतचं जास्त दिसतं. त्याचे पुढचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकत चालले होते. उठताना तो कण्हायचा. मग एका सकाळी तो उठलाच नाही. पुढचे पाय टेकून जोर लावायचा आणि पुन्हा छातीवर पडायचा. मालकांनी टांगा बोलावला आणि ह्यांना बरोबर घेऊन त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर बराच वेळ पाय चाचपत राहिले आणि म्हणाले, "अंगानं वाढवलात, हाडं मागं राहिली. मोठ्या जातीचं पिल्लू सावकाश वाढवायचं असतं. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, इतकंच घालायचं." भाकरी कमी, गूळ बंद, बदाम बंद. त्याऐवजी रोज एक अंडं, थोडं मटण, हाडं उकळून काढलेलं पाणी, हाडांची पूड, माशाचं तेल आणि सकाळचं ऊन. "महिनाभर करा. पाय सरळ व्हायला लागले तर लागले. नाही तर हे पुढं उभं राहणार नाही, आणि एवढं धूड उचलून तुम्ही किती दिवस फिरवणार?"

त्या दिवशी मालक अडतीत गेले नाहीत. दुपारी ते ढेप्याला कडेवर घेऊन आमच्या मागच्या दाराशी आले. मी आत सरकले. मग त्या मोठ्या गळ्याचा माणूस अगदी हळू, कुत्र्याच्या कानात बोलल्यासारखं बोलला, "ढेप्या, बाईस्नी इचार. तुज्यासाठनं मटान शिजवतील का म्हनावं."

मला काय सुचलं कुणास ठाऊक, मीही दाराआडूनच म्हणाले, "ढेप्या, अंगणातल्या पाणी तापवायच्या चुलीवर शिजवीन म्हणून सांग. घरात नको."

मग आमचं सगळं बोलणं ढेप्याच्या मार्फतच चालू झालं. ते ढेप्याला विचारायचे, मी ढेप्याला सांगायची आणि तो बिचारा दोघांकडे आळीपाळीनं बघायचा. ज्या अंगणात चार वर्षं अंड्याचं नाव काढलं नव्हतं, तिथे रोज हाडं रटरटू लागली. आक्कांना मालकांनी सांगितलं, "औषध शिजतंय." आक्का म्हणाल्या, "शिजू दे. तुमचं औषध साऱ्या गल्लीला कळलंय. माझी तेवढी खिडकी झाकून घ्या."

पण मालकांची खरी अडचण पुढेच होती. त्यांना हे चाखता येत नव्हतं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी विकत घेतलेली वस्तू त्यांच्या जिभेपलीकडची होती. नाकाला उपरणं लावून ते चुलीपासून दहा पावलांवर उभे राहत आणि तळमळत. मटण आणायचं काम ह्यांच्याकडे होतं. ह्यांना विचारलं, "कसं हाय?" तर हे म्हणायचे, "एक नंबर!" मालकांचा ह्यांच्यावर विश्वास बसेना. "तुमचं सोडा ओ. चार वरसं उपाशी मानूस, तुमाला चपलंचं दिलं तरी एक नंबर म्हनाल." मग ढेप्याकडे वळून म्हणाले, "बाईस्नी चव बगायला सांग. त्या सांगतील ते खरं."

मला उभ्या जन्मात कुणी चव विचारली नव्हती. माहेरी आईची चव चाले, सासरी सासूबाईंची. मी बशीत थोडं घेतलं. मीठ नाही, मिरची नाही. "अळणी हाय," मी ढेप्याला सांगितलं. "अळणी म्हंजे बरं का वाईट, इचार त्यास्नी." "कुत्र्याला अळणीच पायजे. रस चांगला उतरलाय." मालकांनी हुश्श केलं. रोज मी सांगितल्याशिवाय ढेप्याच्या ताटलीत पळी पडायची नाही. एवढा मोठा अडत्या माझ्या तोंडाकडे बघत उभा राहायचा आणि मी पदराआडून 'बरं हाय' म्हणायची.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस हे कामावरून उशिरा सुटले आणि घाईघाईत मटण घेऊन आले. पातेलं चुलीवर चढलं, उकळी फुटली, आणि मला वास वेगळा लागला. किंचितच. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "काय न्हाय गं, ताजं हाय, खाटकानं सांगितलंय." मी बोटभर रस जिभेवर ठेवला आणि थुंकून टाकला. तोवर मालक ताटली घेऊन आलेही होते. त्या दिवशी ढेप्या पहिल्यांदाच पुढच्या पायांवर क्षणभर उभा राहिला होता, म्हणून ते हसत होते. मालकांपुढे ह्यांना खोटं पाडायचं, ते मला जमणार नव्हतं. पण ढेप्या शेपटी हलवत पातेल्याकडे सरकत येत होता. एवढे दिवस करून एका वाटीनं पोट बिघडलं असतं, तर त्या अंगात उठायची ताकद राहिली नसती.

मी दाराबाहेर आले. पदर डोक्यावरून घसरला, तो सावरायचं राहून गेलं. "मालक, हे घालू नका. नासलंय."

ह्यांनी मान खाली घातली. मालक माझ्याकडे बघत राहिले आणि मला वाटलं, आता 'तुमाला काय कळतंय' म्हणून ओरडतील. ते पुढे झाले. ज्या पातेल्याच्या दहा पावलांत ते कधी आले नव्हते, ते उपरण्यानं धरून उचललं आणि मोरीत ओतून दिलं. मग ह्यांना म्हणाले, "पावनं, त्या खाटकाकडं पुन्यांदा जायाचं न्हाय." मला म्हणाले, "बाई, आज त्याला अंडीच देऊ या न्हवं?" मी 'व्हय' म्हणाले. इतकंच. आत जाऊन मात्र मी जातं धरून बसले.

महिना भरला तेव्हा टांगा बोलवावा लागला नाही. ढेप्या स्वतःच्या पायांनी डॉक्टरांकडे गेला. थोडा डुगडुगत, पण गेला. जाऊन यायला तासभर लागतो, मालकांना नि त्याला तीन तास लागले. मी आणि आक्का ओसरीवर बसून होतो. आक्का जपमाळ ओढत होत्या आणि मध्येच थांबून म्हणत होत्या, "एवढा येळ का गं?" शेवटी गल्लीच्या तोंडाशी मालकांचा आवाज ऐकू आला. माणूस दिसायच्या आधी आवाज आला, तेव्हाच मी ओळखलं की पाय वाचले. "सरळ! सरळ हुत्यात म्हनाला डाक्टर!" ते गल्लीतल्या प्रत्येक दाराला सांगत येत होते. ढेप्या मागून चालत होता. आक्कांनी जपमाळ डोळ्यांना लावली आणि उठून, आयुष्यात पहिल्यांदा, त्या कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्या छातीवरचं महिनाभराचं ओझं उतरलं, आणि घासलेलीच भांडी मी पुन्हा घासायला बसले, कारण हसावं की रडावं ते कळेना.

पुढे ह्यांना कारखान्याजवळ खोली मिळाली आणि आम्ही शिरोलीला गेलो. निघताना मी मालकांशी बोलेन असं ठरवलं होतं, पण सामान गाडीत चढेपर्यंत वेळ गेला. सहा-सात वर्षांनी एकदा देवीची ओटी भरून मी पंचगंगेवर गेले होते, तेव्हा ते दोघे लांबून दिसले. मालक काठी टेकत घाट उतरत होते. ढेप्या वासराएवढा झालेला, तोंडावर पांढरे केस आलेले. मालक एक पायरी उतरले की तो एक पायरी उतरायचा आणि ते येईपर्यंत थांबायचा. मी त्याचे पुढचे पाय बघितले. खांबासारखे सरळ होते. दोघं पाण्यापाशी पोचेपर्यंत मी बघत उभी राहिले. हाक मारावी असं फार वाटलं. ती काही माझ्या तोंडून निघाली नाही.