हो मागे घ्यायची सोय

आई कायमची पुण्याला राहायला जाणार हे ठरलं, आणि त्याच दिवसांत माझ्या गळ्यात युरोपातल्या कुकीजचं लोढणं पडलं. मला दोन्हींतलं काहीच नको होतं. पण पहिल्याबद्दल माझं मत कुणी विचारलं नव्हतं, आणि दुसरं माझं पोटापाण्याचं काम होतं.

मी घरी बसून वेबसाइट बनवते. वडील बँकेत होते, बदलीवर उज्जैनला आले आणि इथलेच झाले. ते गेल्यापासून नानाखेड्याच्या घरात आम्ही दोघीच, मी आणि शाळेतून निवृत्त झालेली आई. दादा पुण्याला. होळीला तो आला आणि सगळी पंगत बसलेली असताना म्हणाला, "आई, आता तू माझ्याकडेच चल." वाढलेल्या पानावर बसून, चार लोकांसमोर, कोण कुणाला नाही म्हणतं? आई म्हणाली, "बरं, येईन." दादाने उष्ट्या हातानेच फोन काढून तिकीट केलं. पुढे आई मुकाट्याने कपाट आवरायला लागली. ती जायला मला मुळीच नको होती, पण तिने हो म्हटलं होतं. आमच्याकडे एकदा हो म्हटलं की विषय संपतो.

माझे एक ग्राहक उज्जैनजवळच्याच भैरवगढचे. लाकडी ठप्प्यांनी चादरी छापणारं घराणं. जर्मनीतलं एक दुकान त्यांचा माल ठेवायला तयार झालं, पण वेबसाइटवर कुकीजची परवानगी तिकडच्या कायद्याप्रमाणे मागायची, ही अट. कुकी म्हणजे पाहुण्याच्या ब्राउझरमध्ये आपण हळूच ठेवलेली खूण. तो पुन्हा आला की आपण त्याला ओळखतो, त्याने काय पाहिलं, कुठे रेंगाळला, सगळं कळतं. घाटावरचे पंडे गाव आणि आडनाव विचारून थेट तुमच्या पणजोबांपर्यंत पोचतात, त्यातलाच प्रकार. आपल्याला त्याचं कौतुक वाटतं. युरोपातल्या माणसाला वाटत नाही. त्याला आधी विचारावं लागतं.

तर मी विचारायची पट्टी बनवली. 'अ‍ॅक्सेप्ट' हिरवंगार आणि ठसठशीत. 'रिजेक्ट' राखाडी, बारीक, कोपऱ्यात. ते कुणी शोधून दाबलंच तर आणखी एक खिडकी यायची, 'खरंच नको?' यात मला काडीचंही वावगं वाटलं नव्हतं. आमच्याकडे पाहुण्याचं पहिलं नको हे म्हणायचं म्हणून असतं. ते खरं मानून हात आखडला तर तो उपाशी उठेल आणि गावभर सांगेल.

जर्मन दुकानातल्या तपासणी करणाऱ्या बाईंनी पट्टी परत पाठवली. पत्र अतिशय नम्र होतं आणि तितकंच निर्दय. दोन्ही बटणं सारखी दिसली पाहिजेत. नाही म्हटल्यावर पुन्हा विचारू नये. चौकटीत आधीच टिक करून ठेवू नये. उत्तर येईपर्यंत एकही जादा कुकी सुरू होऊ नये, कारण गप्प बसणं म्हणजे हो नव्हे. आणि शेवटी त्यांनी विचारलं होतं, हो म्हटलेल्याला ते मागे घ्यायची सोय कुठे आहे?

ती नव्हतीच. विसरले होते म्हणावं तर तसंही नाही. असं काही लागतं हेच माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

बदल काय करायचे ते मी कळवलं, तर भैरवगढहून लगेच फोन. "दीदी, जो हाँ कर चुका, उसको वापस क्यों छेड़ना? और ना का बटन इतना बड़ा! ग्राहक को हम ही भगा दें क्या?"

"भाईसाहब, उनके यहाँ यही कायदा है।"

"अजीब लोग हैं," ते म्हणाले, आणि मग, "चलो, कर दो।"

मी केलं. मग नेहमीप्रमाणे आईला बोलावलं. आईला जमलं तर जगाला जमतं, असा माझा हिशेब आहे. ती चष्मा लावून बसली, सगळं इंग्रजी शाळेतल्यासारखं मोठ्याने वाचलं आणि 'रिजेक्ट' दाबलं. पट्टी गेली.

"बस? का नको ते तर विचारलंच नाही यांनी."

"नाही विचारायचं."

"कमाल आहे!" तिला ते फार आवडलं. तिने पुन्हा उघडून पुन्हा एकदा नकार दिला.

मी म्हटलं, "आता हो म्हण. म्हटलंस? आता समज तुझं मन बदललं. ते हो मागे घे."

ओटीत घातलेला नारळ परत मागायला सांगितल्यासारखी ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पानाच्या तळाशी मी नव्याने टाकलेली ओळ शोधली, दाबली, टिक काढली.

"पण मी हो बोलली होती ना?"

"होतीस."

"मग समोरच्याला राग नाही येणार?"

"आला तरी त्याचा त्याने गिळायचा. हो म्हणणं जितकं सोपं, तितकंच ते मागे घेणं सोपं पाहिजे. नाहीतर ते हो खरं धरतच नाहीत."

आईने चष्मा काढला आणि पदराने पुसत बसली. काच स्वच्छच होती.

"दादाला फोन लाव," ती म्हणाली.

मी लावला, स्पीकरवर.

"अरे, मी नाही येत तिथे राहायला."

"काय झालं? तब्येत?"

"तब्येत ठणठणीत. चार दिवस येईन, नातवंडांना भेटीन. राहायला नाही."

"आई, खोली रंगवून ठेवली तुझ्यासाठी. होळीला तू हो म्हणालीस!"

"म्हणाली होती. आता ते परत घेते."

दादाचा आवाज जरा बारीक झाला. "छोटीने भरवलं का तुला हे?"

"तिने? तिने तर मला जायचंय का म्हणूनसुद्धा नाही विचारलं."

हे बाकी मला लागलं. फोन ठेवल्यावर मला रडू आवरेना. "मला नकोच होतं ग तू जायला," मी म्हटलं.

"मग बोलायचं ना!" आईने मला नाक पुसायला स्वतःचाच पदर पुढे केला. "आणि ऐक, तुझ्यासाठी थांबली असं डोक्यात घेऊन फिरू नकोस. मला इथे राहायचंय."

का, ते मी विचारलं नाही.