होटगीच्या मामांची तळी

डोंगरातल्या तळ्यांवर जीव टाकणारा माणूस उभ्या सोलापूर जिल्ह्यात एकच, आणि ते म्हणजे माझ्या बायकोचे मामा. होटगीत रेल्वेची नोकरी करून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी, बाकीचे लोक गुडघ्याला तेल चोळत बसतात त्या वयात, पाठीवर भलीमोठी सॅक चढवली आणि हिमालयाची वाट धरली. सॅकमध्ये कपड्यांचे दोन जोड, कडक भाकरी चाळीस, शेंगाचटणीचा डबा आणि कॅमेरा. स्वेटर घ्या म्हटलं तर म्हणायचे, "भाकरी पोटात असली की थंडी कुटं वाजतीय?" तळ्याचा फोटो काढायचा म्हणजे लग्नातली लगबग! काठावरच्या माणसांना हाताने बाजूला सारायचे. एकदा एका याकलाही "सरक की जरा!" म्हणून दटावलं; शपथेवर सांगतो, तो सरकला. परत आल्यावर घरी येईल त्याला सगळी तळी बघावीच लागत. मंद्रूपचे एक पाहुणे लग्नपत्रिका द्यायला आले आणि सातव्या तळ्याला इतके गांगरले, की पत्रिका न देताच उठून गेले.

तीन वर्षांपूर्वी मीही त्यांच्याबरोबर हिमाचलात गेलो. चार दिवस चाललो. मामांच्या मनात कधीचं भरलेलं एक तळं तासाभरावर आलं आणि नेमकी मला विरळ हवा बाधली. डोकं फुटायला लागलं, पाऊल उचलेना. वाटाड्या म्हणाला, यांना लगेच खाली न्यायला हवं. मी म्हटलं, "मामा, तुम्ही फोटो काढून या. मी वाटाड्याबरोबर उतरतो."

मामांनी माझी सॅक स्वतःच्या छातीवर अडकवली. "तळं काय पळून जातंय व्हय? उठा, जावईबापू."

हाताला धरून त्यांनी मला खाली आणलं. वाटभर गप्पा मारल्या, तळ्याचं नाव काढलं नाही. घरी मात्र सगळ्यांना सांगत सुटले, "माजेच पाय दुखले, म्हणून माघारी फिरलो."

पुढे डॉक्टरांनी मामांना उंचावर जायला मनाई केली. यंदा मी एकटाच त्या तळ्यापर्यंत पोचलो आणि परतल्यावर थेट होटगी गाठली. मामांनी चष्मा पुसून मोबाईलवर एकेक फोटो पाहिला. "ढग कापला की हो तुमी! आन् ह्यो वाकडा आलाय." चुका काढताना चेहरा नुसता फुलला होता. मग मोबाईल खाली ठेवून हळूच म्हणाले, "पाणी लई गार हुतं का?"

शंभर फोटो काढले होते मी. पाण्यात हात घालायचं राहूनच गेलं होतं.

"लई गार, मामा."

मामांनी डोळे मिटले आणि आपले दोन्ही तळवे एकमेकांवर चोळले.