बाजूचं दार

"नवीन दार कशाला? हेच ठोकून, खड्ड्यांत लांबी भरून बसवू. ही पोरगी काय बोलणार? इंग्लिश शाळेतली आहे, मराठीसुद्धा धड येत नसेल."

अंधेरीच्या गॅरेजचा मालक मेकॅनिकला हे माझ्यासमोरच म्हणाला. मी स्टुलावर गप्प बसून होते. लाजाळू माणसासमोर लोक फार मोकळं बोलतात.

गाडी म्हणजे आमची मॅटाडोर व्हॅन. बाबांनी तिच्यात दोन बर्थ, स्टोव्ह, पाण्याची टाकी बसवून घेतली होती. बोरीवलीतली कुटुंबं घेऊन ते कोकणात जायचे, मुक्काम गाडीतच. मुलुंडजवळ एका टँकरने बाजूचं दार आत चेपलं आणि बाबांचा हात मोडला. म्हणून गॅरेजच्या फेऱ्या माझ्याकडे आल्या. विमा कंपनीने नवीन दार मंजूर केलं होतं. दिवाळीच्या सहलीआधी गाडी धड होऊन हवी होती, नाहीतर तो सीझन गेलाच.

बाबांना सांगितलं असतं, तर त्यांनी मालकाला "जाऊ द्या हो, पण आता नीट करा" म्हणून सोडून दिलं असतं. मला त्याला सोडायचं नव्हतं. दोघं जेवायला गेले तेव्हा भिंतीला टेकवलेल्या दाराचं अस्तर निघालेलंच होतं. आतल्या पत्र्यावर मी घरच्या किल्लीने आमच्या गाडीचा नंबर खोल कोरला. वरून ग्रीस फासलं.

मग दोन आठवडे मी गोड राहिले. "झालं का काका?" विचारायचे. "नवं कोरं दार येतंय, बेटा," तो म्हणायचा. घरी बाबा रोज कॅलेंडर बघत होते, आणि मी त्यांनाही काही बोलले नाही. त्याची लाज मला अजून वाटते. पण तेव्हा मजाच वाटत होती.

दुरुस्ती बघायला विमा कंपनीचे सर्व्हेयर आले. जुनं दार म्हणून मालकाने कुठल्यातरी दुसऱ्याच गाडीचं चेपलेलं दार पुढे केलं. गाडीवर आमचंच ठोकलेलं दार नव्या रंगात चकाकत होतं. सर्व्हेयरनी पेनचं टोपण काढलं.

"थँक्यू म्हण साहेबांना," मालक मला म्हणाला.

माझे कान तापले होते. आवाज मात्र फुटला.

"साहेब, सही थांबवा. ह्या नव्या दाराचं अस्तर काढायला लावा. आत आमच्या गाडीचा नंबर आहे, मीच कोरलाय. आणि काका, आता खरंच नवं दार बसेपर्यंत मी रोज इथे येऊन बसणार आहे."