जुने लॉग आपोआप जातात

आमच्या ऑफिसात किस्से इतके साचतात, की आधी कुठला सांगू याचंच मला टेन्शन येतं. तसं मला कशाचंही येतं. मागे खुर्ची सरकली तरी मी दचकते!

आम्ही हातोदच्या धान्य व्यापाऱ्यांचं बिलिंग सॉफ्टवेअर सांभाळतो. सर्व्हर दिवसभर जे जे करतो, ते एका लॉग फाइलीत लिहीत जातो. ती कोणी आवरलीच नाही. एक दिवस डिस्क भरली आणि बिलं निघेनात. पहिला फोन नेमका मी उचलला.

"मॅडम, आपके कंप्यूटर का पेट भर गया, हमारा खाली है!"

आमचे मालक पागनीस सर मला म्हणाले, "लॉग आपोआप रोटेट व्हायला हवेत. तेवढं जमव, तुला पर्मनंट करतो." मी प्रोबेशनवर. माझी भूकच मेली.

सुदामा नगरला घरी आईला समजावलं, "जुनी फाइल दाबून बाजूला ठेवायची, नवी उघडायची, फार जुनी फेकायची."

"म्हणजे माझा फ्रिज," आई म्हणाली. "फक्त फेकायच्या वेळी तुझे बाबा आडवे येतात!"

पहिल्या प्रयत्नात मी जुन्या फाइलीचं नाव बदललं, नवी उघडली. नवी कोरीच! मी ओरडले, "सर्व्हर मेला!" शेजारच्या अंकितने वाकून पाहिलं. सर्व्हर मजेत होता, नाव बदललेल्या जुन्याच फाइलीत लिहीत होता. 'आता नवीत लिही' हे त्याला वेगळं सांगावं लागतं, तेच राहिलं होतं.

"अरे भिया," अंकित म्हणाला; बाई असो की बुवा, त्याला सगळे 'भैया'च. "आमच्या छत्रीबागेत गल्लीचं नाव बदललं, पोस्टमन अजून जुन्याच नावानं शोधतो. त्याला कोणी सांगितलंच नाही!"

मग जमलं. पण जमलंय याची खात्री नको? मी रोटेशन हातानं पुन्हा चालवलं. चाललं. पुन्हा चालवलं. दर वेळी एक रिकामी फाइल आत, एक जुनी बाहेर. शेवटी रांगेत सगळ्या कोऱ्या! बॅकअप होता म्हणून वाचले.

सर म्हणाले, "बेटा, दूध तापलं का पाहायला तू दर वेळी पातेलं ओतून देतेस!"

आणि मग तो शनिवार. सर माझ्या टेबलाशी आले. डिस्क ऐसपैस मोकळी. हॉलमध्ये सगळे कचोरी खात होते. त्यात अकाउंट्सचे दुबेजी, ऑफिसातले सर्वांत जुने, सुट्टीवरून त्याच सकाळी परतलेले. सरांच्या तोंडी लॉगचा नेहमी 'लोग' होतो.

"तो पुराने लोग कब से हटेंगे?" सरांनी मोठ्यानं विचारलं.

"कल से, सर. अपने आप. जो सबसे पुराना, वो सबसे पहले!"

"किसी से पूछना तो नहीं पड़ेगा?"

"नहीं सर. पता भी नहीं चलेगा."

"शाबास! आजपासून तू पर्मनंट."

टाळ्या वाजल्या. मला रडूच आलं. डोळे पुसून पाहते तर समोर दुबेजी, स्वतःची न खाल्लेली कचोरी माझ्यापुढे धरून.

"बधाई हो, बिटिया," ते हळूच म्हणाले. "बस, मुझे दिवाली तक रख लो."