बुलबुलाची राखण

अंबरपेठच्या आमच्या गॅलरीत बुलबुलाचं पिल्लू पडलं होतं. त्याच्याभोवती कलकलाट करणाऱ्या दोन पाखरांना मी टॉवेल फिरवून पळवून लावलं, पिल्लू घरात आणलं आणि जीव वाचवल्याच्या थाटात टोपलीत ठेवलं. पण ते चोच उघडेना. केळं नको, भिजवलेला पाव नको. दुपारपर्यंत ते मलूल पडलं, तशी माझी ऐट उतरली.

"तुम्ही हाकलले ते त्याचे आईबाप होते," म्हणत बायकोने टोपली गॅलरीत नेली. आम्ही दाराआड थांबलो. जरा वेळाने एक बुलबुल चोचीत किडा घेऊन आला आणि पिल्लाने केवढा तरी आ वासला.

बायको हळूच म्हणाली, "माझे आईबाबा नांदेडहून येतात ना, तेव्हा तेही तुम्हाला असेच परके वाटतात. त्यांना हाकलत नाही, एवढंच नशीब."