कुठल्या वळणावर?

सेन्योरच्या घरात शिरलं की समोरच्या भिंतीवर चौदा फोटो दिसायचे, आणि चौदाच्या चौदा फोटोंत सेन्योर पडत असायचा. कुठे बाइक आडवी आणि हा पाठीवर घसरत चाललाय, कुठे दोन्ही पाय आकाशात, कुठे नुसताच धुळीचा लोट आणि त्यातून बाहेर आलेला एक बूट. हा माणूस अर्धं आयुष्य मोटरसायकलच्या शर्यतींत उतरला, युरोपभर फिरला, कप मिळवले, ढाली मिळवल्या. ते सगळं खोक्यात भरून पलंगाखाली, आणि भिंतीवर काय, तर ही आपटाआपटी! माझी तन्वी तेव्हा नऊ वर्षांची, मस्कतच्या शाळेत वाढलेली, मराठी बेताचंच. ते फोटो बघून ती मला म्हणाली, "आई, काका सगळीकडे का पडतो?" मी डोळे वटारले. सेन्योरला शब्द कळले नाहीत, पण प्रश्न बरोबर कळला. तिला एकेका फोटोपाशी नेऊन तो सांगायला लागला, "हे तिसरं वळण, इथे मी घाई केली. हे सातवं, इथे मी घाबरलो. आणि हे... हे मला अजून कळलेलं नाही."

त्याचं खरं नाव एवढं लांब होतं की दारावरच्या पाटीवर मावत नव्हतं. अल् घुब्रातली आमची बिल्डिंग निम्मी-अधिक भारतीय. तो स्पेनचा, म्हणून कुणीतरी त्याला सेन्योर म्हणालं आणि तेच चिकटलं. पन्नाशीला टेकलेला, ठेंगणा, काटक, डाव्या पायाने किंचित लंगडणारा. कुरुममधल्या एका मोटरसायकलच्या शोरूमनं त्याला बोलावून घेतलं होतं, मोठाल्या बाइक विकत घेणाऱ्यांना त्या चालवायला शिकवण्यासाठी. दर शुक्रवारी सकाळी मोकळ्या पार्किंगमध्ये त्याची शाळा भरायची. पहिला तास बाइक सुरूच करायची नाही, नुसती ढकलायची. चांगले ऐटबाज साहेब लोक घामाघूम होऊन बाइक ढकलताहेत आणि हा मागून ओरडतोय, "यल्ला, यल्ला! तिचं वजन तर कळू दे!" त्याचं इंग्रजी मोडकं, हिंदी वर्कशॉपमध्ये उचललेलं, आणि अडलं की अरबी. शेजारीपाजारी मला वहिनी म्हणायचे, म्हणून त्याला वाटायचं वहिनी हेच माझं नाव. खरं काय ते कळल्यावर म्हणाला, "आता उशीर झाला. माझ्यासाठी तू वहिनीच."

त्याची एक गोष्ट मात्र डोक्याबाहेरची होती. तो दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसायचा नाही. टॅक्सी नाही, मित्राची गाडी नाही, काही नाही. एकदा माझ्या नवऱ्यानं, सुनीलनं, फार आग्रह करून त्याला गणपतीच्या कार्यक्रमाला गाडीतून नेलं. सेन्योर पुढच्या सीटवर नखं रुतवून बसला. नसलेला ब्रेक दर मिनिटाला दाबत होता. घाम तर असा सुटला होता की एसी लावलाय की नाही असं वाटावं. तिसऱ्या चौकात म्हणाला, "सुनील, तू छान चालवतोस. मला उतरव." आणि उरलेलं अंतर तो चालत आला, तेही आरती संपल्यावर. पुढे मनगट मोडलं तेव्हासुद्धा सुजलेला हात छातीशी धरून भर उन्हात क्लिनिकला पायी गेला. मी चिडून म्हटलं, "अहो, जीव जाईल अशानं!" तर म्हणतो कसा, "वहिनी, मी ताशी अडीचशेनं पडलोय. पण तेव्हा हँडल माझ्या हातात होतं."

आता माझं सांगते. आम्ही मूळचे चिपळूणचे. त्या साली सुनीलची बदली मस्कतपासून लांब, खाबुऱ्याला झाली. कंपनीची पिकअप घेऊन तो तिकडे, आठवड्याच्या शेवटी दोन दिवस इकडे. आमची स्वतःची गाडी माझ्यासाठी बिल्डिंगखाली ठेवलेली. पण मला लायसन्स कुठे होतं? मस्कतमध्ये लायसन्स काढणं म्हणजे काय दिव्य असतं ते तिथे राहिलेल्यांनाच ठाऊक. ड्रमच्या मधून गाडी मागे घ्यायची परीक्षा मी पहिल्या झटक्यात पास झाले. चढावरची झाली. रस्त्यावरच्या परीक्षेत मात्र चार वेळा दांडी उडाली. शेजारी शुर्ता, म्हणजे तिथला पोलीस, बसलेला असतो. राउंडअबाउट, म्हणजे चौकातला मोठा गोल, आला की मी घाबरायचे, गाडी भलत्याच वेळी थांबायची नाहीतर भलत्याच वेळी आत घुसायची, आणि तो शांतपणे म्हणायचा, "खलास, मॅडम." म्हणजे उतरा. चिपळूणला सासूबाई फोनवर विचारायच्या तेव्हा मी चक्क खोटं बोलायचे. "तारीखच मिळत नाही हो, आई."

नोव्हेंबरात एका दुपारी तन्वीला दम्याचा जोरात अटॅक आला. तिला उचलून मी खाली धावले. आमची गाडी तिथे धूळ खात उभी, आणि मी पोरीला खांद्यावर घेऊन टॅक्सीसाठी उभी. तिची छाती भात्यासारखी वाजत होती. टॅक्सी मिळाली, क्लिनिकला पोचलो, वाफ दिली, सगळं ठीक झालं. पण ती वीसेक मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. त्या आठवड्यात सुनील आला. तन्वीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "मार्चपर्यंत लायसन्स झालं तर बघू. नाहीतर तिची परीक्षा संपली की तुम्ही दोघी चिपळूणला जा. मला तिकडे झोप लागत नाही." रागावून बोलला असता तर भांडले तरी असते. म्हणजे आता घर दोन देशांत, माझी कुरुमच्या ऑफिसातली नोकरी गेली, तन्वीला बाप दिसणार वर्षातून एकदा. आणि हे सगळं का, तर मला एक गोल ओलांडता येत नाही म्हणून.

जानेवारीत मी पाचव्यांदा नापास झाले. घरी आले आणि वर जायचं सोडून खालीच आमच्या गाडीची काच पुसत रडत उभी राहिले. सेन्योर बाइक लावून आला. कुणीही विचारलं असतं काय झालं, नाहीतर म्हटलं असतं जाऊ दे, पुढच्या वेळी होईल. त्यानं विचारलं, "कुठल्या वळणावर?"

हा त्याचा ठेवणीतला प्रश्न. तन्वीला गणितात कमी मार्क पडले तरी तो तेच विचारायचा. एरवी मला हसू यायचं, त्या दिवशी मात्र डोकंच फिरलं. मी म्हटलं, "वळण कसलं डोंबलाचं! मला गाडी येत नाही, एवढंच खरं आहे!"

"असं कुणी सगळ्या रस्त्यावर पडत नाही," तो म्हणाला. "माणूस एकाच वळणावर पडतो. उद्या सकाळी सहाला खाली ये. येताना जेवायची थाळी आण."

"थाळी कशाला?"

"स्टिअरिंग. तुझ्या गाडीत मी बसणार नाही. आपण चालणार."

थाळीची कथा सांगते तेव्हा माझ्या माहेरचे लोक अजून पोट धरून हसतात. हसू देत. पाच-सहा आठवडे, रोज उजाडताना, पंजाबी ड्रेस, पायात बूट आणि दोन्ही हातांत स्टीलची थाळी धरून मी घुब्राच्या राउंडअबाउटांना फेऱ्या मारत होते. पुढे लंगडत सेन्योर, मागे मी थाळी फिरवत. गिअर तोंडानं बोलायचा, इंडिकेटर तोंडानं द्यायचा. कोपऱ्यावरच्या कॉफी शॉपच्या मल्याळी मालकानं दोनचार दिवस बघितलं आणि शेवटी न राहवून विचारलं, "चेची, हे कसलं व्रत? कुठल्या देवाचं?" मी लाजेनं अर्धी झाले. सेन्योर गंभीरपणे म्हणाला, "शुर्त्याचं."

पण त्याला पहिल्याच सकाळी कळलं होतं. चौथ्या गोलापाशी तो थांबला आणि म्हणाला, "वहिनी, तू आधी उजवीकडे बघतेस." मी म्हटलं, मग? "इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, गोलात येतात डावीकडून." खरंच की! हे मला माहीत का नव्हतं? पाठ होतं. पण चिपळूणला शाळेत जाताना आईनं हाताला धरून शिकवलेलं, आधी उजवीकडे बघ, ते मानेत जाऊन बसलेलं. घाबरले की मान आपोआप तिकडे वळायची. उजवीकडे रस्ता मोकळा दिसला की मी घुसायचे, डावीकडून गाडी आली की दचकून थांबायचे. पाच वेळा! "तुझे पाय मस्कतमध्ये आहेत," सेन्योर म्हणाला, "मान अजून गावाला आहे." मग त्यानं माझ्या कपाळावरची टिकली काढायला लावली आणि थाळीच्या डाव्या काठावर चिकटवायला सांगितली. गोल आला की आधी टिकली, मग बाकी सगळं.

मग चालता चालता त्यानं भिंतीवरच्या तीन फोटोंची गोष्ट सांगितली. बहुतेक ट्रॅक घड्याळाच्या काट्यांसारखे उजवीकडे फिरणारे असतात म्हणे. एका परक्या देशातला एक ट्रॅक मात्र उलटा, डावीकडे फिरणारा. तिथे हा लागोपाठ तीन वर्षं एकाच वळणावर पडला. वर्तमानपत्रांनी लिहिलं, संपला. टीमचे मालक म्हणाले, पुढच्या वर्षी दुसरा बघतो. चौथ्या वर्षी हा पठ्ठ्या आठ दिवस आधी तिथे गेला, मोडलेल्या बाइकचं हँडल हातात घेऊन रोज पहाटे अख्खा ट्रॅक पायी चालला. वॉचमन त्याला वेडा समजायचा. "आणि मग?" मी विचारलं. "मग मी दुसरा आलो," तो म्हणाला. आणि एवढं बोलून असा ताठ झाला की त्याचं लंगडणंसुद्धा क्षणभर दिसेनासं झालं. जगज्जेता तो कधी झाला नाही. तो दुसरा नंबर हीच त्याची सगळ्यात मोठी कमाई. मी म्हटलं, अहो, मग त्याचा फोटो कुठे आहे भिंतीवर? तर म्हणे, "पलंगाखाली. त्यात शिकण्यासारखं काही नाही."

फेब्रुवारीच्या शेवटी परीक्षा झाली. टिकली डाव्या मनगटावर लावून गेले. शुर्त्यानं ती बघितली आणि गाडी काढायची खूण केली. तीन गोल आले. तिन्ही वेळा मान आपोआप डावीकडे गेली. शेवटी त्यानं गाडी बाजूला घ्यायला लावली तेव्हा मी सवयीनं दार उघडून उतरायलाच निघाले. तो हसून म्हणाला, "मबरूक, मॅडम." अभिनंदन! मी तिथेच रडले, आणि तो बिचारा गोंधळून टिश्यूचा डबा शोधायला लागला.

जिन्यात सेन्योर उभाच होता. "कुठल्या वळणावर?"

"एकाही नाही!"

"अच्छा. मग काही शिकली नाहीस," तो म्हणाला आणि पाचव्या वेळचा नापासाचा कागद मागून घेतला. दुसऱ्या दिवशी बघते तर तो कागद फ्रेम करून त्याच्या भिंतीवर, त्या तीन फोटोंच्या शेजारी! मला दहावीला शाळेत पहिली आल्यावर झाला नव्हता एवढा अभिमान त्या कागदाकडे बघून झाला. सासूबाईंना त्याच दिवशी फोन करून सगळ्या पाचही वेळा सांगून टाकल्या. त्या म्हणाल्या, "अगो, मग आधी का नाही सांगितलंस?" आम्ही मस्कतलाच राहिलो, चांगली चार वर्षं आणखी.

आता चिपळूणला परत आलो आहोत, आणि इथे रस्ता ओलांडताना माझी मान आधी डावीकडे जाते. तन्वी ओरडते, "आई, उजवीकडे!" मग मी घराजवळचा चौक आठवडाभर पायी चालून घेतला. थाळी नेली नाही, एवढंच. काही नवीन करायचं झालं की मी आधी त्याच्या वाटेनं चालून बघते, आणि आपटले की स्वतःला विचारते, कुठल्या वळणावर. मी एका खऱ्याखुऱ्या रेसरची विद्यार्थिनी आहे, आणि हे मी चारचौघांत छाती पुढे काढून सांगते.

सेन्योर आमच्या आधी मस्कत सोडून आपल्या गावी गेला. त्याची आई थकली होती, तिकडची बदामाची बाग बघायला कुणी नव्हतं. बाइक विकली, फोटो गुंडाळले, माझा कागदही. शुक्रवारी सकाळचं विमान. मी म्हटलं, एअरपोर्टला बाइक घेऊन तर जाता येणार नाही, आणि दोन बॅगा घेऊन चालत जाणार आहात का? तो बराच वेळ गाडीकडे बघत उभा राहिला. मग पुढचं दार उघडून बसला आणि पट्टा लावला. मी गाडी काढली. त्याचा उजवा पाय एकदा ब्रेक दाबायला उचलला गेला, दोनदा गेला, मग नाही. पहिल्या गोलाला मी डावीकडे बघितलं तसं तो हसल्याचा आवाज आला. नंतर गप्प. मला वाटलं घाबरलाय, म्हणून मी हळूच वळून बघितलं. डोकं काचेला टेकून, तोंड उघडं टाकून सेन्योर गाढ झोपला होता.

एअरपोर्टचा गोल आला. वेळ हाताशी होता, आणि त्याला उठवणं माझ्या जिवावर आलं. बाहेर पडायचा रस्ता मी सोडून दिला. शेजारी स्पेनचा रेसर घोरत होता, आणि मी त्याला आणखी झोपू देण्यासाठी त्या गोलाला आणखी एक फेरी मारली.